बेस अँपच्या लिमिटरमधला ऑप्टोकपलर बदलताना

लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा भाग, चालू केला की आवाज बसतो तो परत वर येतच नाही. किंवा लिमिटरचं बटण दाबा न दाबा, फरकच पडत नाही. बेस गिटारच्या अँपच्या या दोन तक्रारींमागे बऱ्याचदा शेंगदाण्याएवढी एक काळी डबी असते, तीच ऑप्टोकपलर. तिच्यात एका टोकाला एलईडी आणि समोर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रोध उतरणारा रेझिस्टर. सिग्नल वाढला की एलईडी उजळतो, एलडीआरचा रोध कमी होतो आणि आवाज दाबला जातो. रिपेअरवाले तिला व्हॅक्ट्रोल म्हणतात. मुळात हे व्हॅक्टेक कंपनीचं व्यापारचिन्ह, पण आता सगळ्याच डब्यांना ते चिकटलं आहे.

दुकानात नुसतं ‘ऑप्टोकपलर द्या’ म्हणालात, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, बहुतेक वेळा हातात पीसी८१७ पडेल. तो इथे चालत नाही. त्याच्यात फोटोट्रान्झिस्टर असतो आणि तो एकाच दिशेने वाहतो. ऑडिओ सिग्नल दोन्ही बाजूंना झुलतो, त्यामुळे त्याला दोन्ही दिशांनी सारखाच वागणारा रोध लागतो. तो एलडीआरच देतो. म्हणून दुकानात ‘एलईडी-एलडीआरवाला’ असं स्पष्ट सांगा.

तो सहज न मिळण्याचं कारण कॅडमियम. हे एलडीआर कॅडमियम सल्फाइडसारख्या पदार्थांचे असतात. घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या युरोपच्या रोह्स नियमांत व्यावसायिक ऑडिओ उपकरणांसाठी त्यांना सवलत होती, ती २०१३ च्या अखेरीस संपली.

आधी डबीच बिघडली आहे का, ते बघा

अँपचा प्लग काढा आणि मोठे कंडेन्सर डिस्चार्ज होऊ द्या. मीटर लावून खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप असेल तर आत चारशे व्होल्टच्या वर दाब असू शकतो. त्याची सवय नसेल तर ते काम अनुभवी माणसाकडेच द्या, यात कमीपणा काही नाही.

डबीची एलईडीकडची एक आणि एलडीआरकडची एक तार सोल्डर काढून उचला. बोर्डावर जोडलेल्या अवस्थेत घेतलेलं माप आजूबाजूच्या रेझिस्टरांमुळे फसवतं. मीटरच्या डायोड रेंजवर जुना लाल एलईडी साधारण १.६ ते १.८ व्होल्ट दाखवतो. मग ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टरमधून एलईडी पेटवा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिअँपिअर जातात. पुढे १ के लावा, म्हणजे सुमारे ७ मिलिअँपिअर. दोन्ही वेळी एलडीआरचा रोध लिहून ठेवा, आणि बॅटरी काढल्यावर तो किती वेळात चढतो तेही बघा. डबी जिवंत असेल तर ही तीन मापं म्हणजेच तुमची खरेदीची यादी. ती पूर्ण मेली असेल तर मापं सर्किटवरून काढावी लागतात.

डबी ठीक निघाली तर लिमिटरच्या बाजूचे रेक्टिफायर डायोड (सिग्नल एका दिशेचा करणारे), ऑपअँप (सिग्नल वाढवणारी आयसी) आणि छोटे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तपासा. मी आता आधी तेच तपासतो. चांगली डबी उगाच उपटणं जिवावर येतं, कारण ती सहज परत मिळत नाही.

खरी निवड वेळेवर ठरते

बहुतेक जण किती ओहम हे बघून डबी निवडतात. बेससाठी मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उजेड गेल्यावर रोध परत चढायला लागणारा वेळ. व्हॅक्ट्रोलच्या मॉडेलांपैकी व्हीटीएल५सी१ चा रोध १०० के पर्यंत चढायला डेटाशीटप्रमाणे ३५ मिलिसेकंद लागतात, व्हीटीएल५सी२ ला ५०० मिलिसेकंद आणि व्हीटीएल५सी४ ला दीड सेकंद. तिघांचा बाहेरचा आकार सारखाच!

आता बेसचा हिशेब करा. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे एक लाट सुमारे २४ मिलिसेकंदांची. पाच तारांच्या बेसची बी तार ३०.९ हर्ट्झची, तिची लाट ३२ मिलिसेकंदांची. डबी इतक्याच वेळात सैल पडत असेल तर ती आवाजाची पातळी सांभाळण्याऐवजी प्रत्येक लाटेबरोबर वरखाली होऊ लागते आणि खालच्या सुरांत घरघर येते. वरच्या तारांवर सगळं स्वच्छ, खाली मात्र घाण, असं ऐकू आलं तर पहिला संशय इथे घ्या. डबी फारच संथ असेल तर उलट होतं. एका जोरदार ठोक्यानंतर पुढचे दोन-तीन सूर दबलेलेच राहतात.

म्हणून सर्किटमध्ये रेक्टिफायर आणि एलईडी यांच्यामधली जागा बघा. तिथे बऱ्यापैकी मोठा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला डिस्चार्ज करणारा रेझिस्टर असेल, तर सैल पडण्याचा वेळ तीच जोडी ठरवते. तिथे वेगवान डबी चालते, किंबहुना तीच हवी. तिथे काहीच नसेल, एलईडी थेट ऑपअँपवरून पेटत असेल, तर एलडीआर हाच वेळ सांभाळतो. तिथे संथ डबीच लावा.

रोधाचा हिशेब त्यानंतर. समजा सिग्नल १० के मधून येतो आणि एलडीआर त्याला ग्राउंडकडे ओढतो. एलडीआर ५०० ओहमपर्यंत उतरला तर आवाज सुमारे २६ डेसिबल दबतो, १ के पर्यंतच उतरला तर सुमारे २१. लिमिटरला हे दोन्ही पुरे. अंधारातला रोध मात्र मेगओहममध्ये असायला हवा, नाहीतर लिमिटर झोपलेला असतानाही आवाज थोडा गळत राहतो.

मिळालीच नाही तर घरी बनवा

जीएल५५२८ हा स्वस्त एलडीआर जवळपास कुठेही मिळतो. त्याची नजर ५४० नॅनोमीटरजवळ, म्हणजे हिरव्यावर सर्वांत तीक्ष्ण असते. पण चकचकीत हिरवा नवा एलईडी घेऊ नका. त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे लिमिटर उशिरा जागा होतो. जुन्या धाटणीचा पोपटी एलईडी सुमारे २.१ व्होल्टवर पेटतो, तो मूळ लाल एलईडीच्या जवळ जातो. दोन्ही समोरासमोर टेकवा, काळी हीट श्रिंक नळी दुहेरी चढवा आणि टोकं अपारदर्शक गोंदाने बंद करा. मग टॉर्चच्या झोतात धरून अंधारातला रोध मोजा. आकडा हलला तर उजेड आत शिरतोय. दोन-चार नग बनवून मघाच्या मापांशी सर्वांत जुळणारा निवडा. सोल्डर करताना तारा लांब ठेवा आणि चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता चिमटा घेतो.

बसवून झालं की ऐका

स्पीकरऐवजी पुरेशा वॅटचा ८ ओहमचा डमी लोड, म्हणजे मोठा रेझिस्टर, लावा (अँपवर लिहिलेला ओहमचा आकडा जुळायला हवा) आणि मोबाइलवरून ४१ हर्ट्झचा साइन टोन द्या. लिमिटर धरेपर्यंत पातळी वाढवत न्या आणि ऑसिलोस्कोपवर लाटेचा आकार बघा. ऑसिलोस्कोप नसेल तर स्पीकर जोडून कमी पातळीवर कानांनी तपासा. लिमिटर धरण्याची जागा सरकली असेल तर थ्रेशोल्डचा प्रीसेट अगदी थोडा फिरवा, पण आधी त्याची मूळ जागा स्केच पेनने खूण करून ठेवा. शेवटी बेस लावा, सर्वांत खालची तार जोरात छेडा आणि सूर विरेपर्यंत थांबून ऐका. घरघर नसेल आणि पुढचा सूर पूर्ण ताकदीने येत असेल, तर झाकण बंद करायला हरकत नाही.