शेजारच्या भाषांतली आजची पुस्तकं वाचायला कशी घ्यायची

बऱ्याच जणांचं असं होतं की बुकर पारितोषिक जाहीर झालं की त्या आठवड्यात पुस्तक मागवलं जातं, तीस-चाळीस पानं होतात आणि मग ते जे कपाटात जातं ते जातंच. वर "आपल्याला नाही बुवा झेपत हे" असंही ठरवून टाकतात. मला हे फार लागतं, कारण बहुतेक वेळा पुस्तक जड नसतं, सुरुवात भलतीकडून झालेली असते. कन्नड, तमिळ, हिंदी, उर्दू, बांगला, नेपाळी पुस्तकांतली घरं मराठी माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाहीत, सासू-सून, वाटण्या, जात, न बोलणारे बाप, गावची जत्रा, सगळं ओळखीचंच असतं. लंडनचा वाचक ज्या पानावर अडखळतो तिथून आपण सरळ पुढे जातो. त्यामुळे ही पुस्तकं बक्षीस मिळालेली म्हणून नाही तर शेजारची म्हणून वाचायची, एवढं डोक्यात ठेवलं की निवड आपोआप बदलते.

पहिलं पुस्तक बारीक घ्या. अगदी बारीक. माझं उत्तर ठरलेलं आहे, विवेक शानभाग यांचं घाचर घोचर. मूळ कन्नड २०१३ चं, इंग्रजी श्रीनाथ पेरूर यांनी केलंय, सव्वाशे पानांच्या आत संपतं, एका रविवारात होतं. बेंगळुरूचं एक कुटुंब, आधी लहानशा घरात मुंग्यांशी झगडत राहणारं, मग काकांचा मसाल्याचा धंदा चालतो, पैसा येतो आणि घरातल्या माणसांची एकमेकांशी वागायची पद्धत हळूहळू बदलत जाते. यात एक प्रसंग आहे तो दोनदा वाचा. एक बाई त्या काकांना भेटायला म्हणून दारात येते, सोबत त्यांच्यासाठी मसुराची आमटी करून आणलेली असते, आणि घरातल्या बायका तिला नको नको ते बोलून हाकलतात, डबा पडतो, आमटी सांडते. हे वाचताना कोण काय बोलतंय इकडे आपलं लक्ष जातंच, पण दुसऱ्यांदा वाचताना कोण बोलत नाहीये ते बघा, घरातले पुरुष त्या वेळी कुठे आहेत आणि काय करतायत ते. अख्खं पुस्तक तिथे उघडतं. आणि शेवटचं प्रकरण संपलं की पुस्तक लगेच ठेवून देऊ नका, परत एकदा तेवढंच वाचा, कारण लेखक सांगत काहीच नाही, सगळं दाखवून बाजूला होतो, आणि पहिल्या वाचनात आपण घाईत असतो.

त्यानंतर कथा घ्या, कादंबरी नको. बानू मुश्ताक यांच्या हार्ट लॅम्पला २०२५ चं इंटरनॅशनल बुकर, म्हणजे इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला देतात ते बुकर, मिळालं, कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. बानूबाई कर्नाटकातल्या हासनच्या, कन्नडमधून लिहिणाऱ्या, वकिली केलेल्या, आणि या १२ कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या आहेत, म्हणजे एवढ्या वर्षांचं लिखाण आहे ते एका बैठकीत संपवायचं काही कारण नाही. दिवसाला एक कथा बास. सुरुवात रेड लुंगीपासून करा असं मी सांगेन. उन्हाळ्याची सुट्टी, घरात पोरांचा नुसता धिंगाणा, रझिया वैतागलेली, मग ठरतं की सुट्टीतच पोरांच्या सुंता उरकून टाकू. घरच्या पोरांना डॉक्टरकडे आणि गरिबांच्या पोरांना मशिदीत सामुदायिक कार्यक्रमात. पुढे कोणाची जखम आधी भरते ते कथेतच वाचा. पोरांनी भरलेलं सुट्टीतलं घर आणि त्यात पिचलेली बाई हे चित्र आपल्याकडे कुणाला नवीन नाहीये, म्हणून इथून आत शिरणं सोपं जातं. अनुवादक दीपा भास्ती यांनी उर्दू-कन्नड शब्द तिरक्या अक्षरांत टाकलेले नाहीत की खाली टिपा दिलेल्या नाहीत, मुद्दाम. शब्द अडला तर थांबू नका, दोन वाक्यांत कळतो. त्यांचं मनोगत मात्र जरूर वाचा, पण तीन-चार कथा झाल्यावर, आधी नको.

आता हिंदीचं. इथे मी जरा हट्टीच आहे. ज्याला हिंदी सिनेमा कळतो आणि देवनागरी वाचता येते त्याने गीतांजली श्री यांचं रेत समाधि इंग्रजीतून का वाचावं? डेझी रॉकवेल यांचा अनुवाद उत्तम आहेच, २०२२ चं इंटरनॅशनल बुकर त्यावरच मिळालं, पण आपल्याला मूळ पुस्तक थेट वाचता येतं, हे भाग्य किती जणांना आहे! राजकमल प्रकाशनाने २०१८ मध्ये काढलेलं हे पुस्तक पेपरबॅकमध्ये सहज मिळतं. एक आहे, सुरुवात संथ आहे. नवरा गेल्यानंतर ८० वर्षांची आई भिंतीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून पडून राहते, आणि लेखिकाही कितीतरी पानं तिच्याबरोबर तिथेच थांबते. इथेच लोक सोडतात. तर पहिली पन्नास पानं मोठ्याने वाचायची, खरंच, घरात कुणी नसताना किंवा कुणाला तरी वाचून दाखवत, कारण ती वाक्यं कानासाठी आहेत, मनात वाचली की लांबलचक वाटतात आणि तोंडाने म्हटली की पळतात. शब्दकोश बाजूला ठेवून द्या. नावांचा गोंधळ होत नाही, माँ, बेटी, बड़े, बहू असंच चाललेलं असतं. पुढे पुस्तक फाळणीकडे वळतं आणि वाघा बॉर्डरवर फाळणीवर लिहिणारे लेखकच पात्रं म्हणून येतात, त्यामुळे तिथे पोचायच्या आधी उर्दू लेखक मंटोची टोबा टेकसिंग वाचलेली असू द्या, अर्ध्या तासाची कथा आहे. मग तो भाग वेगळाच लागतो.

इतिहासाचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. सगळा इतिहास आधी वाचून मग कादंबरी, असं कधीच करू नका, कादंबरी राहून जाते. श्रीलंकेच्या शेहान करुणातिलकांचं द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा घ्या, २०२२ चं बुकर. कोलंबो, १९९०, युद्धाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर मेलेला आहे आणि आपल्याला कोणी मारलं हे त्याला स्वतःला माहीत नाही, सात रात्रींत त्याला ते शोधायचंय आणि लपवलेल्या फोटोंपर्यंत आपल्या माणसांना पोचवायचंय. सगळं निवेदन "तू" म्हणून चालतं, त्याची सवय व्हायला थोडी पानं द्यावी लागतात. एवढ्या तीन गोष्टी माहीत असल्या की पुरतं : १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांविरुद्ध झालेल्या दंगली, १९८७ ते १९८९ मधला जेव्हीपी या तिथल्या डाव्या सिंहली पक्षाचा सशस्त्र उठाव आणि तो चिरडणं, आणि १९८७ ते १९९० तिथे असलेली आपली शांतिसेना. कोणती संघटना कोणाची हे सांगणारी एक छोटी यादी पुस्तकातच सुरुवातीला येते, त्या पानाला खूण करून ठेवा, परत परत लागेल. आणि तुमच्या घरात कुणी क्रिकेटवेडा असेल, जो एरवी कादंबरीला हात लावत नाही, तर त्याला याच लेखकाचं चायनामन द्या, २०१० चं. दारू पिऊन शरीराची वाट लावलेला एक म्हातारा क्रीडा पत्रकार गायब झालेल्या एका स्पिनरचा शोध घेतोय, आणि त्या निमित्ताने सगळी श्रीलंका येते.

पाकिस्तानचे इंग्रजीत लिहिणारे लेखक आपल्याकडे भारतीय आवृत्तीत मिळतात, त्यामुळे त्यांची अडचण नाही. मोहम्मद हनीफचं अ केस ऑफ एक्सप्लोडिंग मँगोज पाकिस्तानचे लष्करी हुकूमशहा जनरल झिया यांच्या मृत्यूवर आहे, १७ ऑगस्ट १९८८ ला त्यांचं विमान बहावलपूरजवळ पडलं ते. शेवट माहीतच आहे म्हणून सोडू नका, उलट तो माहीत आहे म्हणूनच वाचा, सगळी मजा तिथपर्यंत पोचण्यात आहे. हनीफ स्वतः पाकिस्तानी एअरफोर्समध्ये होते, त्यामुळे कॅडेटांची परेड, बॅरॅक, वरिष्ठांचा छळ हे सगळं आतल्या माणसाने सांगितलेलं आहे.

बांगलादेशचं म्हणाल तर शहीदुल जहीर, आणि हे नाव आपल्याकडे फारच कमी लोकांना माहितेय याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००८ मध्ये गेले, जेमतेम पन्नाशी ओलांडलेली. त्यांची १९८८ मधली छोटी कादंबरी व्ही. रामस्वामी आणि शाहरोजा नाहरीन यांनी इंग्रजीत आणलीय, लाइफ अँड पॉलिटिकल रिअ‍ॅलिटी या नावाने. सुरुवात कशी होते बघा, जुन्या ढाक्यात, १९८५ मध्ये, अब्दुल मजीद नावाचा तरुण चाललाय आणि त्याच्या सँडलचा पट्टा तुटतो. बास, एवढंच. आणि तिथून १९७१ मध्ये, बांगलादेशच्या मुक्तियुद्धात, त्या गल्लीत काय झालं, कोणी केलं, आणि ज्यांनी केलं ते आता कसे परत मानाने फिरतायत हे सगळं वर यायला लागतं. अख्खी कादंबरी एकच परिच्छेद आहे, मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नाही, काळ पुढे-मागे होत राहतो. ही वाचायची पद्धत सांगतो : फोन लांब ठेवून दोन बैठकांत संपवा, आणि थांबायचं असेल तिथे पेन्सिलने रेघ मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपण कुठे होतो ते सापडतच नाही. कष्ट आहेत, पण मी या सगळ्यातलं एकच पुस्तक निवडायचं म्हटलं तर हे निवडेन.

नेपाळीसाठी नारायण वाग्ले यांचं पल्पसा क्याफे, २००५ चं, माओवादी युद्धाच्या काळातलं. इंग्रजीत मिळतं, पण मूळ नेपाळी एक-दोन पानं तरी डोळ्याखालून घाला, लिपी आपलीच आहे, बरंच कळतं.

तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन यांच्याबद्दल एक विनंती, वाद आधी वाचू नका. मादोरुबागन ही त्यांची कादंबरी, इंग्रजीत वन पार्ट वुमन, तिच्यावरून तिरुचेंगोडकडे निदर्शनं झाली, जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी लेखक पेरुमाल मुरुगन मेला असं जाहीर केलं, आणि जुलै २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ते परत लिहायला लागले. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण आधी डोक्यात बसलं की आपण पुस्तकात फक्त "तो भाग" शोधत बसतो, आणि काली आणि पोन्ना हे मूल नसलेलं, एकमेकांवर जीव असलेलं शेतकरी जोडपं, त्यांना गावाने दिलेले टोमणे, हे हातातून निसटतं. त्यांचं लिखाण पहिल्यांदा वाचत असाल तर 'पूनाची' ही कादंबरी बरी, एका काळ्या शेळीची गोष्ट, एन. कल्याण रामन यांचा अनुवाद. शेळीच्या पिल्लाचे कान टोचून सरकारदरबारी नोंद करायला म्हातारी लायनीत उभी राहते तो भाग वाचून आपल्या तहसील कचेरीची आठवण येईल.

अनुवाद कसा निवडायचा? पुस्तक उघडलं की अनुवादकाचं नाव बघायची सवय लावा. आवडला तर त्याच अनुवादकाचं दुसरं पुस्तक शोधा, लेखकाचं दुसरं शोधण्याइतकीच ही वाट चांगली आहे. मराठी अनुवाद मिळत असेल तर तो मूळ भाषेवरून केलाय का इंग्रजीवरून हे आतल्या पानावर लिहिलेलं असतं, ते बघा. उमा कुलकर्णींनी भैरप्पा थेट कन्नडमधून मराठीत आणले म्हणून ते आपल्या घराघरात पोचले, असा थेट अनुवाद असेल तर माझं मत डोळे झाकून त्यालाच. यादी हवी असेल तर भारतीय कादंबरीला दिल्या गेलेल्या जेसीबी साहित्य पुरस्काराची काढा, २०१८ ते २०२४ या सात वर्षांत पाच वेळा अनुवादित कादंबरी जिंकलीय, मल्याळम, उर्दू, तमिळ. त्यातल्या विजेत्याच नाही तर शॉर्टलिस्टही बघा.

थोडं किरकोळ. माणसं जास्त असतील तर शेवटच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढत जा. पन्नास पानांत काहीच धरलं नाही तर ठेवून द्या, सहा महिन्यांनी परत घ्या. विकत घ्यायच्या आधी किंडलवर नमुन्याची पानं फुकट वाचता येतात, आणि गावातल्या ग्रंथालयात नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा, चार जणांनी लिहिलं की आणतात. तीन-चार जणांनी मिळून एकच पुस्तक वाचलं तर सोन्याहून पिवळं, पण चर्चेत "कसं वाटलं" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणून मोकळे होतात. "तुला कोणाचा राग आला?" असं विचारा, घाचर घोचरवर या एका प्रश्नावर तासभर भांडण होईल.

आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. ऑफिसात, सोसायटीत कुणी कन्नड, मल्याळी, बंगाली असेलच, त्यांना विचारा की तुमच्याकडे सध्या कोण चांगलं लिहितंय. बदल्यात आपल्याकडचं द्या. सचिन कुंडलकरची कोबाल्ट ब्लू, पुण्यातल्या घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, २००६ ची, इंग्रजीत जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये आणलीय. दया पवारांचं बलुतंही त्यांनीच इंग्रजीत केलंय. ही दोन द्या आणि त्यांच्या भाषेतलं एक मागून घ्या.