थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी त्याच्या तीन वायरी तपासा

गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२२ किंवा पी०१२३ दिसला की बहुतेक गॅरेजांत पहिला सल्ला मिळतो, "टीपीएस गेला, बदलून टाका." कोड मात्र असं काही म्हणत नाही. पी०१२२ चा अर्थ एवढाच, की थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किती उघडा आहे ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडून, म्हणजे टीपीएसकडून, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिळणारं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलं. पी०१२३ म्हणजे ते मर्यादेच्या वर गेलं. ते सेन्सरमुळे गेलं, वायरमुळे, कपलरमुळे (वायरी जोडणाऱ्या प्लगमुळे) की शेजारच्या भलत्याच सेन्सरमुळे, हे मल्टीमीटर लावल्याशिवाय कळत नाही. नवा सेन्सर बसवूनही चेक लाइट परत लागण्याचं कारण बहुधा हेच असतं.

खालची तपासणी आधी केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलसाठी आहे. जुन्या ऑल्टो, सॅन्ट्रो अशा एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्टरने फवारणाऱ्या) गाड्यांत तोच असतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे फरक पुढे दिले आहेत.

आत काय असतं

जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तशीच कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा संपर्क, एवढाच हा सेन्सर. पट्टीच्या एका टोकाला ईसीयू ५ व्होल्ट देतो, दुसऱ्या टोकाला सेन्सरची अर्थ (करंट परत नेणारी निगेटिव्ह वायर) असते आणि सरकत्या संपर्कातून सिग्नल निघतो. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण ०.४ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ व्होल्ट. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

बंद थ्रॉटलला शून्य आणि पूर्ण उघड्याला ५ व्होल्ट का ठेवत नाहीत? कारण दोन्ही टोकं बिघाड ओळखण्यासाठी राखून ठेवलेली असतात. सिग्नल ०.१ वर आला तर ईसीयूला कळतं की हे थ्रॉटल बंद असणं नव्हे, वायर तुटलेली किंवा अर्थला चिकटलेली आहे.

मीटर लावण्याआधी कोड नीट वाचा

एकटा कोड आणि जोडीने आलेले कोड यांचा अर्थ वेगळा असतो. पी०१२२ सोबत मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) पी०१०७ आला असेल, तर दोन सेन्सर एकाच वेळी बिघडल्याची शक्यता फारच कमी. दोघांना मिळून येणारे ५ व्होल्ट गायब झाले असणार. पी०६४१ किंवा पी०६५१ यांसारखा रेफरन्स व्होल्टेजचा, म्हणजे त्या ५ व्होल्टचाच, कोड सोबत असेल तर शंकाच नको. पी०१२३ सोबत कूलंट तापमानाचा पी०११८ किंवा हवेच्या तापमानाचा पी०११३ दिसला तर सगळ्यांची सामायिक सेन्सर अर्थ तुटली आहे का ते पाहा. पी०१२४ म्हणजे सिग्नल मध्येच येतो-जातो.

पी०१२१ चं प्रकरण वेगळं. त्यात व्होल्टेज मर्यादेत असतं, पण इंजिनाच्या बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा गळत असली तरी तो येऊ शकतो. त्यामुळे तिथे वायरिंग उसकटण्याआधी व्हॅक्यूमचे पाइप पाहून घ्यावेत.

कोड लिहून ठेवा, फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणीचे इंजिनाचे आकडे) असेल तर तीही, आणि मगच काही पुसा. बॅटरीही आधी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून घ्या, नाहीतर पुढच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

हत्यारं

डिजिटल मल्टीमीटर, कपलरच्या मागून आत जाईल अशी बारीक पिन, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि एक छोटा जंपर वायरचा तुकडा. बल्बवाला टेस्ट लॅम्प ५ व्होल्टच्या वायरला लावू नका. तो ओढेल तेवढा करंट देण्यासाठी ईसीयूचा तो भाग बनवलेला नसतो. वायरच्या कव्हरला टाचणी टोचून मोजणंही टाळा. त्या भोकातून पाणी शिरतं आणि एखाद-दोन पावसाळ्यांत आतलं तांबं हिरवं पडून तुटतं.

तीन वायरींवरचे तीन आकडे

कपलर लावलेलाच ठेवा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी लीड थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल लीड मागून एकेका पिनला.

५ व्होल्टच्या वायरवर ४.९ ते ५.१ दिसायला हवं. अर्थच्या वायरवर जवळपास शून्य, ०.०५ व्होल्टच्या आत. ०.१ च्या वर गेलं तर त्या अर्थमध्ये कुठेतरी गंज किंवा ढिला सांधा आहे. सिग्नलच्या वायरवर थ्रॉटल बंद असतानाचा आकडा.

आता बिघाड कसे ओळखायचे ते. तिन्ही पिनांवर ५ व्होल्ट दिसत असतील तर अर्थ तुटली आहे. करंटला परतीची वाटच नाही, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं. अशा वेळी सेन्सर बदलून काहीच होत नाही. उपाय म्हणून अर्थची पिन जवळच्या बोल्टला जोडून देणारे मेकॅनिकही भेटतात. तसं करू नका. सेन्सरची अर्थ ईसीयूतून जाते. बॉडीवर स्टार्टर, फॅन, हेडलाइट यांचा करंट वाहतो, त्यामुळे तिथली अर्थ थोडी वर-खाली होते आणि सिग्नलही तेवढाच हलतो. तुटलेली जागा शोधून तीच वायर जोडावी.

५ व्होल्टच्या पिनवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्टच असतील तर टीपीएसचा कपलर काढा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने पुन्हा मोजा. लगेच ५ व्होल्ट आले तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. नाही आले तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवत जा, नजर मीटरवर ठेवून. मॅप सेन्सर, एसीचा प्रेशर सेन्सर हे नेहमीचे संशयित. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. सगळे काढूनही व्होल्टेज खालीच राहिलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा कपलर सोडवा आणि ती वायर अर्थला चिकटली आहे का ते मीटरच्या बजरवर पाहा. त्याच वायरवर १२ व्होल्ट दिसले तर ती बॅटरीच्या एखाद्या लाइनला घासून चिकटली आहे. अशा वेळी इग्निशन लगेच बंद करा.

जंपरची परीक्षा

सेन्सर की वायरिंग, याचा निकाल सगळ्यात लवकर इथे लागतो. स्कॅनरवर टीपीएसचं व्होल्टेज उघडा. टक्क्यांचा आकडा बघू नका, कारण दोष सापडल्यावर काही ईसीयू तिथे स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतात. सेन्सरचा कपलर काढा. बहुतेक गाड्यांत व्होल्टेज शून्याजवळ जाईल, काहींत ५ जवळ. दोन्ही बरोबर असू शकतं, ते ईसीयूच्या आतल्या रचनेवर ठरतं.

आता कपलरमधली ५ व्होल्टची आणि सिग्नलची पिन जंपरने जोडा. स्कॅनरवर ५ च्या आसपास यायला हवं. मग सिग्नल अर्थला जोडा, आकडा शून्यावर यावा. दोन्ही झालं आणि अर्थच्या वायरवरचा आधीचा आकडाही बरोबर होता, तर ईसीयू आणि तिन्ही वायरी ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पिनांच्या पकडीत आहे. ५ व्होल्ट आणि अर्थ मात्र चुकूनही एकमेकांना जोडू नका.

आकडा हललाच नाही तर सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत तपासा. दोन्ही टोकं सोडवून मोजल्यावर रोध १ ओहमच्या आत हवा. मात्र बजर वाजला म्हणून वायर चांगली समजू नये. दहा-पंधरा तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बजर वाजतो. त्यावर उपाय म्हणजे, दोन्ही टोकं सुटी असतानाच, त्या वायरमधून बॅटरीवर २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब पेटवून पाहा. मंद पेटला तर वायर आतून तुटत आलेली आहे. ही परीक्षा फक्त सिग्नलच्या वायरवर करा, कारण ५ व्होल्ट आणि अर्थच्या वायरींना बाकीचे सेन्सर जोडलेले असतात.

झटके देणारी गाडी

चेक लाइट कधी लागतो कधी नाही, ४०-५० च्या स्थिर वेगाला गाडी हलका झटका देते, अशा तक्रारीत पट्टीची झीज शोधायची. थ्रॉटल बहुतेक वेळ थोडासाच उघडा असतो, त्यामुळे पट्टी तिथेच घासली जाते. इग्निशन ऑन ठेवून पेडल अगदी हळू, दहा-पंधरा सेकंद घेऊन तळापर्यंत दाबा. व्होल्टेज एकसारखं वाढायला हवं. मध्ये क्षणभर खाली पडलं, अडकलं किंवा उडी मारली तर सेन्सर बाद. साध्या डिजिटल मीटरचे आकडे हळू बदलतात, अशी पडझड त्यात निसटते. काटेवालं जुनं मीटर किंवा ऑसिलोस्कोप असेल तर तेच वापरा. एरवी जे दिसणार नाही, ते हार्नेस हलवताना, हेअर ड्रायरने सेन्सर कोमट करताना किंवा कपलरवर पाण्याचा हलका फवारा मारताना दिसू शकतं.

सेन्सर काढून ओहममध्ये मोजायचा असेल तर टोकापासून टोकापर्यंत बहुधा २ ते ६ किलोओहम मिळतात. हा आकडा बरोबर आला तरी सेन्सर चांगला ठरत नाही. घासलेली जागा तो दाखवत नाही.

आपल्याकडे वायरी जिथे मरतात

पहिली जागा कपलर. इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर आत ओल राहते आणि पिना हिरव्या पडतात. पिनेची पकड तपासायला त्याच मापाची सुटी पिन आत घालून बाहेर ओढा. जराही अडली नाही तर पकड सैल आहे. दुसरी जागा उंदीर. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी असेल तर थ्रॉटल बॉडीच्या मागची वायरिंग टॉर्च लावून पाहा.

तिसरी जागा बऱ्याचदा सुटते. जुन्या क्लोज्ड लूप सीएनजी किटमध्ये किटचा कंट्रोलर टीपीएसच्या सिग्नल वायरला जोड मारून माहिती घेतो. तो सांधा पुष्कळदा पिळून वर टेप गुंडाळलेला असतो. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो आणि सांधा उघडा पडतो. किट असलेल्या गाडीत आधी तो जोड शोधा, किटचा कंट्रोलर सोडवून पाहा आणि सांधा झाळून वर हीट श्रिंक चढवा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर

इथे कपलरला बहुधा सहा पिना असतात: मोटरच्या दोन, ५ व्होल्ट, अर्थ आणि दोन सिग्नल. काही गाड्यांत एक सिग्नल चढतो आणि दुसरा तेवढाच उतरतो, म्हणजे दोन्हींची बेरीज नेहमी ५ व्होल्टच्या आसपास. काहींत दोन्ही चढतात, पण वेगळ्या उताराने. ताळमेळ बिघडला की पी२१३५ येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (कमी ताकदीवर कशीबशी चालण्याच्या अवस्थेत) जाते. एका सिग्नलचा एकटा कोड पी०२२२ किंवा पी०२२३ असा येतो. पी२१२२ किंवा पी२१३८ असेल तर थ्रॉटल सोडा, तो पेडलच्या सेन्सरचा कोड आहे.

यातले बरेच सेन्सर बिनसंपर्काचे, हॉल पद्धतीचे (चुंबकावर चालणारे) असतात. त्यांना ओहममध्ये मोजण्यात अर्थ नाही. व्होल्टेजच पाहावं. इग्निशन ऑन असताना थ्रॉटलच्या पाकळीत बोट घालू नका, मोटर ती अचानक बंद करते.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि कंपनीच्या पद्धतीने थ्रॉटल रीलर्न करून घ्या (म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची जागा पुन्हा शिकवा), विशेषतः बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर. मग सोबत एक माणूस बसवून लाइव्ह डेटावर टीपीएसचं व्होल्टेज बघत गाडी चालवा, खड्ड्यांच्या रस्त्यावरूनही. पी०१२२, पी०१२३ सारखा सर्किटचा दोष उरला असेल तर कोड बहुधा लगेच येतो. पी०१२१ ला मात्र अनेक गाड्यांत एकापेक्षा जास्त फेऱ्या लागतात, त्यामुळे गाडी त्याच दिवशी मालकाच्या हाती देण्याची घाई करू नये.