शेजाऱ्यांची हेज आपल्या बाजूला फोफावलीय? भांडण न करता कशी आवरायची

आधीच सांगतो, हेज म्हणजे झुडपांचं हिरवं कुंपण एकदा छाटलं की विषय संपला असं होत नाही. पाणी आणि ऊन नीट मिळालं तर मेंदी, ड्युरांटा, कोयनेल ही मंडळी दोन-तीन महिन्यांत परत अंगावर येतात. त्यामुळे शेजाऱ्यांशी काही ठरवून न घेता नुसती कापत बसलात तर दरवर्षी तेच काम, तोच वैताग आणि वर शेजारीही नाराज. मला विचाराल तर यात अर्धं काम कात्रीचं आणि अर्धं बोलण्याचं, आणि बोलण्याचं आधी करायचं.

पण बोलायला जायच्या आधी खाली वाकून बुंधे कुठे आहेत ते बघा. वरून सगळं एकत्र गुंतलेलं असतं म्हणून कळत नाही, पण पाला बाजूला करून जमिनीपाशी बघितलं की लगेच कळतं. बुंधा पूर्ण त्यांच्या जागेत असेल तर झाड त्यांचं, फांद्या तुमच्याकडे कितीही आल्या तरी. बुंधा बरोबर हद्दीवर असेल तर बहुतेक ठिकाणी ते दोघांचं सामाईक धरतात आणि मग एकाने परस्पर काही करायचं नसतं. आणि हद्द नक्की कुठे हेच माहीत नसेल तर जुन्या कुंपणावरून अंदाज बांधू नका, कुंपण सरकलेलं असू शकतं, जागेच्या कागदपत्रातला मोजणी नकाशा काढा, दोघांनी मिळून खुणा बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

मग नेमका त्रास काय होतोय ते स्वतःशी स्पष्ट करा. "खूप वाढलीय हो" असं म्हटलं की समोरच्याला टीका वाटते. "स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारनंतर उजेडच येत नाही", "पाला गटारात अडकून पाणी तुंबतं", "गाडी काढताना बोगनवेलीचे काटे घासतात", असं एकच ठोस सांगितलं की त्यावर उपाय काढता येतो. दोन-तीन फोटो काढून ठेवा, पण पहिल्याच भेटीत पुरावा दाखवल्यासारखे पुढे करू नका. त्यापेक्षा त्यांना आपल्या बाजूला बोलवा आणि दाखवा, कारण त्यांच्या अंगणातून ती हेज छान हिरवीगारच दिसते, त्यांना आपल्याकडची परिस्थिती खरंच माहीत नसते. बहुतेक लोक एवढ्यावरच "अरे हो की" म्हणतात.

समोरासमोर भेट होत नसेल तर मेसेज टाका, पण साधा. असा काहीतरी: "काका, नमस्कार. मेंदीच्या फांद्या आमच्या खिडकीपर्यंत आल्यात, आत अंधार होतोय. रविवारी सकाळी मी माझ्या बाजूच्या छाटल्या तर चालेल का? किती कापायच्या ते तुम्ही येऊन सांगितलंत तर बरं होईल, चहाला याच." यात काय काय आहे बघा, त्रास सांगितलाय, काम स्वतःवर घेतलंय, दिवस दिलाय आणि निर्णयात त्यांना घेतलंय. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र हे टाकायचं नाही, चारचौघांत झालं की माणूस अडून बसतो.

कायद्याचं थोडक्यात. हद्द ओलांडून आलेल्या फांद्या आपल्या बाजूने, आपल्या जागेत उभं राहून, फक्त हद्दीपर्यंत कापता येतात हे तत्त्व बऱ्याच देशांत आहे, पण बारकावे सगळीकडे वेगळे. इंग्लंडात १८९४ सालच्या लेमन विरुद्ध वेब खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने असं कापायला आधी नोटीस द्यायची गरज नाही असं ठरवलं. जर्मनीत उलट आहे, आधी शेजाऱ्याला वाजवी मुदत द्यावी लागते आणि फांद्यांमुळे खरोखर त्रास होत असला पाहिजे. फ्रान्सच्या नागरी संहितेत तर वेगळा स्थानिक नियम नसेल तिथे दोन मीटरपेक्षा उंच वाढणारं झाड हद्दीपासून दोन मीटर लांबच लावायचं असं अंतरच ठरवून दिलंय. म्हणून कुणीतरी "कापून टाक, आपला हक्क आहे" म्हणालं म्हणून कापू नका, आपल्या इथल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा, मोठ्या झाडांच्या छाटणीला परवानगी लागते का तेही तिथेच विचारा. आणि कुठेही असलात तरी भिंतीवरून पलीकडे वाकून त्यांच्या बाजूचं कापणं, शेंडा उडवणं, बुंध्यात मीठ किंवा तणनाशक ओतणं हे अजिबात करायचं नाही. झाड मेलं तर नुकसानभरपाई तुमच्यावर येईल आणि शेजार तर कायमचा गेलाच.

आता झाड ओळखा, कारण कशी कापायची ते त्यावरच आहे. मेंदी, ड्युरांटा, कोयनेल, जास्वंद यांना जुन्या लाकडातूनही फुटवा येतो, कडक छाटली तरी सावरतात. मोरपंखीचं तसं नाही. मोरपंखीच्या आत हात घालून फांद्या फाकवून बघा, बाहेर चार बोटं हिरवं आणि आत सगळं तपकिरी, वाळलेल्या काड्या. त्या तपकिरी भागापर्यंत कापलं तर तिथे सहसा परत हिरवं येत नाही, भोक पडतं ते पडतंच. म्हणून मोरपंखी दरवेळी थोडी थोडी, हिरव्याच्या आतच थांबायचं, आणि शेजारी म्हणाले की "एकदाच अर्धी करून टाका" तरी त्यांना हे समजावून सांगा.

कण्हेर आणि शेर असेल तर जास्त काळजी. कण्हेरीचं पान, फांदी, फूल सगळं विषारी आहे, छाटलेलं गुरांसमोर टाकू नका आणि जाळू तर अजिबात नका, धूरही बाधतो. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, त्यामुळे गॉगल घातल्याशिवाय हातच लावायचा नाही, गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही.

छाटणीच्या दिवशी आधी पाच मिनिटं नुसतं बघा. घरटं आहे का, अंडी-पिल्लं आहेत का, मधमाश्यांचं पोळं किंवा गांधीलमाश्या आहेत का. घरटं चालू असेल तर सरळ काही आठवडे थांबा, पिल्लं उडाली की कापा. आतून विजेची तार गेली असेल तर त्या भागाला हात न लावता वीज कंपनीला कळवा, ओली फांदी, लोखंडी शिडी आणि तार हे जीवावर बेतणारं आहे. भर उन्हाळ्यात कडक छाटणी नको, सावलीत वाढलेला आतला पाला एकदम उन्हात आला की करपतो.

दोन खुंट्या ठोकून हद्दीच्या रेषेवर दोरी ताणा. दोरी ताणली की किती कापायचं यावर वादच राहत नाही, दोघांनाही तीच रेषा दिसते. अंगठ्याएवढ्या जाड फांद्यांना करवत, बारीक फांद्यांना सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), वरवरच्या पाल्याला हेजची मोठी कात्री किंवा ट्रिमर. ट्रिमर वायरवाला असेल तर वायर खांद्यावरून मागे टाकून ठेवा, पुढे राहिली की पात्यात येते. पाती आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा, रोग एका झाडावरून दुसऱ्यावर असाच जातो. जाड फांदी कापताना फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, थोडा तिरका काप द्या आणि साल सोलून लोंबकळणार नाही असं बघा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नका.

आणि हे महत्त्वाचं, हेज खाली रुंद आणि वर निमुळती ठेवायची. लोक बरोबर उलट करतात, वर कात्री पोचत नाही म्हणून वरचा भाग पसरत जातो, त्याची सावली खाली पडते, खालचा पाला झडतो आणि मग बुंध्यापाशी सगळं उघडं दिसतं, शेजाऱ्यांना आडोसा राहत नाही आणि तेच पुन्हा "तुम्ही आमची हेज बिघडवलीत" म्हणतात.

बरोबर हद्दीपर्यंत कापलं की महिन्याभरात फुटवा परत हद्दीबाहेर येतो. शेजारी राजी असतील तर वीतभर आतपर्यंत कापायचं ठरवा, म्हणजे वाढायला जागा राहते आणि वर्षातून दोनदा छाटून भागतं. फारच जुनी, चार-पाच फूट रुंद झालेली हेज असेल तर, आणि जुन्या लाकडातून फुटवा येणारी जात असेल तर, यंदा तुमची बाजू कडक आणि पुढच्या वर्षी त्यांची बाजू, असं दोन वर्षांत आणा. एका बाजूला पाला असला की झाड तग धरतं, आणि त्यांचा आडोसाही जात नाही.

कापलेला पाला पलीकडे फेकू नका. बऱ्याच ठिकाणी फांद्या-फळं मालकाचीच मानतात, म्हणून "कुठे टाकू?" एवढं विचारा, नको म्हणाले तर बारीक करून कंपोस्टला घाला (कण्हेर आणि शेर सोडून).

मुळं भिंतीखाली येत असतील तर दिसेल ते मूळ तोडू नका. बुंध्याजवळचं जाड मूळ तुटलं की झाड कलतं. बांबू असेल तर त्याचे कोंब जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडावरून पसरतात, तिथे हद्दीवर दोन फूट खोल चर काढून जाड प्लॅस्टिकची शीट उभी घालायची आणि वरची कड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवायची, नाहीतर वरून उडी मारून येतो.

इतकं करूनही शेजारी ऐकत नसतील तर लेखी पत्र द्या, तारीख आणि मुदत घालून, भाषा नम्र. मग दोघांना मान्य अशी तिसरी व्यक्ती मध्ये घाला. तरीही नाही जमलं तरच तक्रार, आणि तेव्हा तारखेसह फोटो आणि ते पत्र उपयोगी पडतं.

जमलं तर मात्र त्याच दिवशी ठरवून टाका: उंची किती, वर्षातून कोणत्या दोन महिन्यांत छाटायची, तुमची बाजू तुम्ही की माळी बोलवून खर्च निम्मा-निम्मा. दोघांच्या फोनमध्ये रिमाइंडर लावा. आणि ज्यांच्याशी बोलताय ते शेजारचे काका किंवा ताई फक्त भाडेकरू नाहीत ना ते आधी बघा, झाडाचा निर्णय मालकच देऊ शकतो, आणि मालक बदलला की हे बोलणं पुन्हा एकदा करावं लागतं.