म्युझिकब्रेन्झवरील दुहेरी कलाकार-नोंदी कशा हाताळाव्यात

म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीतकोशात कोणीही भर घालू शकतो, त्यामुळे एकाच कलाकाराची दोन-तीन पाने तयार होणे अटळच आहे. गोव्याच्या संगीताबाबत तर पोर्तुगीज वळणाची नावे, कोकणी उच्चार, मराठी लेखन आणि तबकड्यांवरील रोमन अक्षरे एकत्र येतात व घोळ वाढतो. केसरबाई केरकरांचेच पाहा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीच्या यादीत त्यांचे नाव ‘सुरश्री केसर बाई केरकर’ असे तोडून व बिरुदासह लिहिले आहे. ते जसेच्या तसे टंकून नवे पान उघडणारा उत्साही सदस्य केव्हाही भेटू शकतो.

दोन पाने दिसली की लगेच ती मर्ज, म्हणजे एकत्र, करू नयेत. नावातील साम्य हा केवळ संशय घेण्याइतका आधार आहे, पुरावा नव्हे. फर्नांडिस, परेरा, नाईक किंवा गावकर आडनावाचे, एकाच पाळण्यातील नावाचे दोन कलावंत गोव्यात सहज सापडतात. उलट, नावे पूर्ण वेगळी असूनही व्यक्ती एकच असते. कोकणी गायक आल्फ्रेड रोझ यांचे मूळ नाव रोझारिओ आल्फ्रेदो फर्नांडिस; गीतकार म्हणून मूळ नाव आणि गायक म्हणून रंगमंचावरचे नाव अशी दोन पाने झाली असतील, तर केवळ शोधपेटीवर विसंबणाऱ्याला ती कधीच जोडता येणार नाहीत.

म्हणून जन्म-मृत्यूची वर्षे, वाद्य किंवा गायनप्रकार, सोबतचे साथीदार, तबकडीचा कंपनी-क्रमांक आणि विकिडेटासारख्या बाहेरील दुव्यांवरील माहिती पडताळावी. प्रकाशनाच्या वर्षावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण १९९० च्या दशकातील कॅसेट ही कित्येकदा जुन्या तबकडीचीच पुनरावृत्ती असते. शक्य असल्यास मुखपृष्ठ प्रत्यक्ष पाहावे. तियात्राच्या (कोकणी संगीतनाट्याच्या) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, कॅसेटी अजून अनेक घरांत आहेत, आणि जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींसाठी पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करता येते.

व्यक्ती वेगळ्या निघाल्या, तर दोन्ही पानांवर ओळख पटवणारी छोटी टीप लिहावी: एकाकडे ‘तियात्रिस्त’, दुसऱ्याकडे ‘ट्रम्पेटवादक’. ही टीप नसेल तर मर्जची तीच चुकीची सूचना काही काळाने कोणीतरी पुन्हा मांडणार, हे धरूनच चालावे.

व्यक्ती एकच असल्याची खात्री पटल्यावर दोन्ही पानांवरील ‘मर्ज’ची सोय वापरावी आणि अधिक भरीव, अधिक दुवे असलेले पान कायम ठेवावे. दुसऱ्या पानाचा ओळख-क्रमांक वाया जात नाही. तो कायम ठेवलेल्या पानाकडे वळवला जातो. याच टप्प्यावर आर्टिस्ट क्रेडिटमधील, म्हणजे प्रत्येक प्रकाशनावर कलाकाराचे जसे छापले तशी नोंदवलेली, नावेही बदलायची का, असे विचारणारा पर्याय दिसतो. माझ्या मते तो सहसा निवडू नये, कारण मुखपृष्ठावर जे नाव छापले गेले ते त्या प्रकाशनापुरते तसेच राहणे हाच इतिहास आहे. मागे पडलेले नाव अलायसमध्ये (पर्यायी नावांच्या यादीत) आले आहे ना, हे नंतर पाहावे आणि नसल्यास स्वतः घालावे. देवनागरी रूपही तेथेच नोंदवता येते.

मर्ज लगेच होत नाही; ती सूचना म्हणून इतर सदस्यांच्या मतांसाठी मांडली जाते. त्या सूचनेसोबत पुरावा लिहावा. ‘एकच व्यक्ती’ एवढ्या शेऱ्यावरून मत देणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. सूचना साधारणपणे सात दिवस खुली राहते. तोवर एकही विरोध न होता तीन होकारार्थी मते मिळाली, तर ती आधीच मंजूर होते. या मुदतीत सूचना मागे घेता येते, मात्र मंजुरीनंतर मर्ज उलटवण्याची सोय नाही. नवे पान उघडून प्रत्येक ध्वनिमुद्रण हाताने परत न्यावे लागते. त्यामुळे शंका असताना दोन पाने तशीच राहू देणे परवडते, चुकीचा मर्ज परवडत नाही.

गोव्याचे संगीतकार आणि गायिका यांचे ‘क्रिस पेरी आणि लोर्ना’ असे जोडनावाचे पान आढळल्यास ते दोघांपैकी कोणाच्याही पानात मर्ज करू नये. तेथील ध्वनिमुद्रणांना दोन्ही कलाकारांचे स्वतंत्र क्रेडिट द्यावे. रचनाकार अज्ञात असलेल्या मांडोसाठीही (गोव्याच्या एका गीतप्रकारासाठीही) ‘पारंपरिक’ नावाचे नवे पान नको, त्यासाठी कोशात ठरलेली विशेष नोंद आहे.

मर्ज मंजूर झाल्यावर आपल्या संगणकावरील फाइलींमध्ये जुनाच ओळख-क्रमांक राहिलेला असतो. त्या पिकार्ड या म्युझिकब्रेन्झच्या फाइलींवर माहिती लिहिणाऱ्या प्रणालीत पुन्हा उघडून, ताजी माहिती घेऊन साठवाव्यात.