जर्मनीत नावनोंदणी करताना धर्माचा रकाना कसा भरावा

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात, म्हणजे ब्यूर्गरआम्टमध्ये, पत्ता नोंदवावा लागतो. त्या अर्जात 'रेलिगिऑन' असा रकाना असतो. आपण तो जनगणनेतल्या प्रश्नासारखा सहज भरून टाकतो. पण हा रकाना कराचा आहे.

भारतीय राज्यघटनेचे कलम 27 विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरण्याची सक्ती करू देत नाही. जर्मनीतही राज्याचा अधिकृत धर्म नाही, तरीही 1919 च्या वायमार घटनेतून आजच्या घटनेत (कलम 140) आलेल्या तरतुदीनुसार मान्यताप्राप्त धर्मसंस्था सभासदांवर कर बसवू शकतात. बहुतेक ठिकाणी तो सरकारी करखातेच पगारातून कापते. दर बायर्न व बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये 8 टक्के, इतर राज्यांत 9. हे टक्के उत्पन्नाचे नाहीत, आयकराचे आहेत. वर्षाचा आयकर 6,000 युरो असेल तर चर्च-कर 480 किंवा 540 युरो होतो.

हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांनी 'कायने' (कोणतीही नाही) लिहावे. यात खोटे काही नाही. प्रश्न कर घेणाऱ्या संस्थेच्या सभासदत्वाचा आहे, श्रद्धेचा नाही.

वसई किंवा गोव्याच्या कॅथलिकांनी मात्र जपून. बाप्तिस्मा भारतात झाला असला तरी जर्मनीत वास्तव्य सुरू होताच ते तिथल्या चर्चचे सभासद धरले जातात. कर वाचवायला 'कायने' लिहिले आणि पुढे बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तर मागच्या वर्षांचा करही मागितला जाऊ शकतो. म्हणून खरे लिहा. चर्च-कर भरलात तर वार्षिक विवरणपत्रात त्याची वजावट घ्यायला विसरू नका. प्रोटेस्टंटांनी 'एव्हांगेलिश' (कर घेणाऱ्या जर्मन प्रोटेस्टंट चर्चचे सभासद) लिहिण्याआधी आपले चर्च कोणत्या परंपरेचे ते पाहावे. जर्मनीतली बहुतेक स्वतंत्र चर्चेस हा कर घेत नाहीत.

सभासदत्व सोडायचे असेल तर फादरना सांगून भागत नाही. बर्लिन व नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये आम्टस्गेरिख्ट या स्थानिक न्यायालयात, बायर्नमध्ये श्टांडेसआम्ट या जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात स्वतः जावे. पासपोर्ट आणि पत्तानोंदणीचा दाखला न्यावा. बर्लिन व नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये शुल्क 30 युरो. पुढच्या एक-दोन पगारपत्रकांत कपात थांबली का ते तपासा. सभासदत्व सोडल्याचा मिळालेला दाखला कायम जपा, कारण राज्य बदलल्यावर किंवा कित्येक वर्षांनीही पुरावा मागितला जातो आणि तो तुम्हालाच द्यावा लागतो.

निर्णय घेण्याआधी किंमत नीट समजून घ्या. 'कर नको, पण कॅथलिक राहू द्या' अशी मधली वाट नाही. जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार असे बाहेर पडणाऱ्याला चर्चचे संस्कार (उदा. कम्युनियन) घेता येत नाहीत, कुणाच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता किंवा धर्ममाताही होता येत नाही. कॅरिटाससारख्या चर्चच्या संस्थेत परिचारिका म्हणून काम करत असाल, तर नोकरीचा करार आधी वाचा, मगच न्यायालयाची वेळ घ्या.