पावसात पळवायच्या गाडीला टायर कुठल्या साइजचा टाकायचा

"साहेब, २०५ टाका, गाडी कशी रस्त्यावर बसल्यासारखी दिसेल," असं टायरवाला म्हणाला आणि मी ते २०५ मिमी रुंदीचे टायर टाकले. गाडी पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणलाच बनलेली, कंपनीची साइज १८५/६० आर१५. (हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की मित्र हसतात, हसू देत, माझ्या खिशाला हीच झेपते.) जुलैत ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना सरळ रस्त्यावर पाणी साचलेलं होतं, स्पीड ऐंशीच्या आसपास. एकदम स्टीअरिंग लोण्यासारखं मऊ झालं आणि आरपीएम आपोआप वर गेला, म्हणजे पुढची चाकं नुसती पाण्यावर फिरत होती. अर्धा सेकंदच, पण बायको त्यानंतर माणगावपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय.

आधी रुंदीचं बघू, कारण सगळे तिथेच फसतात. रस्त्यावर ३ मिमी पाणी आहे आणि तुम्ही ८० ने चाललाय असं धरा. ढोबळ हिशोबाने १८५ च्या एका टायरला दर सेकंदाला १२ लिटरच्या वर पाणी बाजूला सारावं लागतं, २०५ ला साधारण १४ आणि २२५ ला १५, म्हणजे सेकंदाला एक भरलेली बादली, तीही एकाच चाकाला. शिवाय रुंद टायरचा रस्त्यावरचा ठसा आडवा आणि बुटका असतो, अरुंदचा उभा आणि लांब. ठशाचा पुढचा भाग पाणी कापतो आणि मागचा रस्ता धरतो, त्यामुळे लांब ठसा पावसात बरा. कोरड्या घाटात रुंद टायर मजा देतो हे खरंच आहे, पण ज्याची गाडी जून ते सप्टेंबर कोकण-आंबोली करते (आंबोलीला वर्षाला ७००० मिमीच्या घरात पाऊस पडतो) त्याने रुंदीचा मोह आवरावा.

आता साइज कशी काढायची. १८५/६० आर१५ मध्ये १८५ ही मिमीमधली रुंदी, ६० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि १५ इंचाचं रिम. १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१, त्यात दोन साइडवॉल १११ अधिक १११, एकूण उंची ६०३ मिमी. मी टाकलेला २०५/६० म्हणजे ६२७, चार टक्के जास्त! स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा चार टक्के कमी दाखवणार, पिकअप मंदावणार, आणि चौघं बसले की खड्ड्यात आतलं प्लॅस्टिक घासायचं ते वेगळंच. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा. माझ्या रिमवर १९५/६० आर१५ बसतो, उंची ६१५, बरोबर दोन टक्के, त्याच्यापुढे जायचं नाही. नंतरच्या जीटीला कंपनीनेच १९५/५५ आर१६ दिला होता, त्याला रिमही १६ ची लागतात. पावसाळ्यात १५ च बरी वाटतात मला, साइडवॉल जाड असल्याने पाण्याखालचा न दिसणारा खड्डा रिमपर्यंत पोचत नाही.

तुमच्या गाडीची मूळ साइज ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर मिळेल, टायरवर लिहिलेली बघू नका, आधीच्या मालकाने काय टाकलं असेल सांगता येत नाही. रिमची रुंदीही बघा, "६ जे" असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे ६ इंच रुंदी. साइजच्या पुढे ८४एच सारखं असतं त्यात ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो वजन आणि एच म्हणजे २१० चा वेग, यात स्टिकरच्या खाली उतरायचं नाही.

साइज ठरली की पैसे रबरावर घाला, रुंदीवर नाही. साइडवॉलवर ट्रॅक्शनची ग्रेड असते, एए, ए, बी किंवा सी, ती ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचीच असते, तेव्हा ए च्या खाली घेऊ नका. सरळ लांब, रुंद खाचा हव्यात. ट्रॅकवाले जवळजवळ गुळगुळीत टायर पावसात म्हणजे आत्महत्या. टायर बनल्याची तारीखही बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कायद्याने खाचेची खोली १.६ मिमीपर्यंत चालते पण मी ३ ला बदलतो, पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर ४ लासुद्धा.

आणि हवा! नासाने साठच्या दशकात काढलेलं एक सूत्र आहे, पाण्यावर तरंगायचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ३२ पीएसआयला तो ९४ किमीच्या आसपास येतो, २४ ला ८२. म्हणजे एक्सप्रेसवेवर १०० ची लिमिट असली तरी साचलेल्या पाण्यात, त्यातही खाचा झिजलेल्या असतील तर, तो वेग तुमचा नाही. हवा दर पंधरा दिवसांनी बघा, थंड टायरमध्ये, आणि पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजावर नको, गेज घ्या स्वतःचा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. टायरवाला वाद घालेल, घालू द्या. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सावरते, मागचे तरंगले तर घाटात गाडी गर्रकन फिरते.

ज्यांच्याकडे खरीखुरी स्पोर्ट्स कार आहे, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय, तिला पुढे २५५/३५ आर१९ आणि मागे २७५/३५ आर१९ येतात. तिथे पुढचे-मागचे बदलून फिरवता येत नाहीत, मागचे लवकर झिजतात आणि तेच जास्त रुंद, म्हणून मागच्यांची खाच जास्त वेळा मोजा.

राहता राहिली स्टेपनी. चारही टायर १९५ झाले तरी ती १८५ चीच असते. पावसात ती लागली तर ६० च्या वर जाऊ नका आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे मूळ टायर परत बसवा. मी मागच्या वर्षी स्टेपनीचा टायरही १९५ चाच घेतला आणि डिकीचं झाकण बसतंय ना ते दुकानातच बघून घेतलं.