स्पोर्ट बाईकचे टायर बदलताय? आधी पावसाचा विचार करा, मग ब्रँडचा

टायर कोणता टाकू असं कुणालाही विचारा, तो स्वतःच्या गाडीला जे आहे तेच सांगणार. चुकीचं सांगत नसतो बिचारा, पण तो रविवारी पहाटे घाट मारायला जातो आणि तुम्ही रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसता, मग दोघांचा टायर एकच कसा चालेल? तर ३९० ड्यूक, आरसी ३९०, अपाचे आरआर ३१०, आर१५ असल्या गाड्यांसाठी टायर निवडायचा कसा ते एकेक करून बघू.

आधी टायर संपलाय का ते बघा

टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) अशी अक्षरं असतात, तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघितलं की रबराचा एक बारीक उंचवटा दिसतो. बाजूचं रबर घासून त्या उंचवट्याच्या लेव्हलला आलं की टायर संपला, मग बाकी नक्षी कितीही छान दिसू दे. पण खूप जणांचा टायर त्याच्याही आधी बिघडलेला असतो, कारण हायवे आणि सिटीत गाडी सरळच चालते, त्यामुळे मागचा टायर मधोमध चपटा होतो, कडा मात्र नव्याकोऱ्या. असा टायर वळणावर गाडी झुकवताना आधी अडतो आणि मग एकदम पडल्यासारखा झुकतो. गाडी जड वाटते म्हणून लोक बेअरिंग चेक करत बसतात आणि दोष टायरचा निघतो.

पुढच्या टायरवर हात फिरवून बघा, नक्षीचे ठोकळे एका बाजूने उंच आणि एका बाजूने खाली लागत असतील तर तोही गेलाय. बाजूला भेगा दिसल्या तर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

मग आकडे वाचा

३९० ड्यूकला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, रिम १७ इंची. १५० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के उंची, म्हणजे ९० मिलिमीटर. या आकड्यांनंतर आर असेल तर रेडियल, म्हणजे टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले. त्यानंतर ६६ एच किंवा ६६ डब्ल्यू असं काहीतरी असतं, त्यातला ६६ म्हणजे ३०० किलो वजन पेलतो आणि अक्षर म्हणजे स्पीड, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किलोमीटर ताशी. नियम सोपा आहे, कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तरी चालतं, पण नुसत्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नका, ३९० काही २१० ला पळणार नाहीये.

आता सगळ्यांना होणारा मोह, म्हणजे मागे जाडा टायर. १५० च्या जागी १६०. दिसतो भारी, मान्य, पण ३९० ची मागची रिम ४ इंची आणि १६०/६० हा साधारण साडेचार इंची रिमसाठी बनवलेला टायर, त्यामुळे तो अरुंद रिमवर दाबला जातो, मधे टोकदार होतो आणि त्याचा जो गोलाकार कंपनीने ठरवलेला असतो तोच बिघडतो. वर टायरची एकूण उंची १२ मिलिमीटरने वाढते, म्हणजे पुढच्या मागच्या चाकाच्या फेऱ्यांचं जे गणित एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धरून चालतो त्यातही फरक पडतो. गाडी वळायला आळशी होते ते वेगळंच. फोटोसाठी टायर घ्यायचा असेल तर घ्या बापडे, मी तरी घ्या असं सांगणार नाही.

रेडियल आणि बायस (आतले धागे तिरके असलेला साधा टायर) मिसळू नका. कारखान्यातूनच तसं आलं असेल, जसं आर१५ ला मागे रेडियल आणि पुढे साधा, तर ती जोडी कंपनीने टेस्ट केलेली असते, तशीच ठेवा. पण स्वतःच्या मनाने पुढे रेडियल मागे बायस असलं काही करू नका.

कंपाउंड, इथे जरा वेळ द्या

कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. टायर मऊ तितका चिकटतो आणि तितकाच लवकर संपतो. सुरुवातीच्या ३९० ला मेट्झेलरचे मऊ टायर यायचे, ग्रिपचं सगळे कौतुक करायचे आणि मागचा बदलायची वेळ आली की कपाळाला हात लावायचे. आता बरेच टायर डबल कंपाउंडचे असतात, मधे कडक आणि कडांना मऊ, रोजच्या वापराला हे बरं पडतं.

ढोबळ तीन गट धरा. पहिला स्पोर्ट टूरिंग, मिशेलिन रोड ५ किंवा पिरेली एंजल जीटी सारखे, खाचा भरपूर, रबरात सिलिका (ओल्यात पकड देणारी भर) जास्त, थंड असतानाही पकडतात. दुसरा रस्त्यावरचे स्पोर्ट टायर, पिरेली रोसो ३, मेट्झेलर एम७ आरआर, आपला अपोलो अल्फा एच१. तिसरा ट्रॅकचा, सुपरकोर्सा वगैरे, ज्याला खाचा नावापुरत्या आणि जो गरम झाल्याशिवाय धड चालतच नाही. चेन्नईच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जात असाल तरच तिसऱ्याकडे बघा.

माझं मत विचाराल तर बारा महिने गाडी चालवणाऱ्याने पहिला गट घ्यावा. जुलैत ताम्हिणीत धुकं, वरून धार, रस्त्यावर लाल चिखलाचा थर, तिथे टायर गरम होतच नाही, आणि मुंबई पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्याने जुन्या हायवेनेच घाट चढावा लागतो, ट्रकच्या मागून, सांडलेल्या डिझेलवरून. तुमच्या सगळ्यात वाईट राईडला जो टायर पुरतो तोच तुमचा टायर. सगळ्यात फास्ट राईडला पुरणारा नाही. पावसाळ्यात गाडी कव्हर टाकून ठेवणारे असाल तर दुसरा गट खुशाल घ्या, मजा येते.

२०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून बाहेरचे टायर कधी मिळतात कधी नाही आणि भावही चढे असतात. म्हणून दोन तीन पर्याय ठरवून मगच दुकानात जा, नाहीतर दुकानदाराकडे जे पडून आहे ते तुमच्या गळ्यात पडतं.

दुकानात

निघायच्या आधी फोनवरच तारीख विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. वर्षभर जुना, सावलीत ठेवलेला टायर चालतो. तीन चार वर्षं पडलेला टायर डिस्काउंट आहे म्हणून उचलू नका, रबर कडक होतं. आयएसआय मार्क आहे का तेही बघा.

बसवायचा मशीनवरच. पहार घालून ओढला की अलॉयला ओरखडे येतात आणि कधी कधी बीड, म्हणजे टायरची रिमला बसणारी कडा, फाटते. चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूने आडवं टाकू देऊ नका, डिस्क वाकू शकते आणि एबीएसची रिंग पण तिथेच असते. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे स्वतः बघा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यायला हवा, तो टायरचा हलका भाग असतो. व्हॉल्व्ह नवीन टाका, किरकोळ खर्च आहे. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, करून घ्या, लोक पुढच्याचं टाळतात आणि मग हँडल थरथरतं.

पहिले शंभर दीडशे किलोमीटर

नवीन टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे सुरुवातीला जोरात ब्रेक नाही, एकदम थ्रॉटल नाही आणि झुकवायचं हळूहळू वाढवत न्यायचं. पाऊस चालू असेल तर अजूनच सांभाळून. चमक यावी म्हणून टायरला पॉलिश लावणाऱ्या वॉशिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा, तेल नको. हवा टायर थंड असताना भरायची, किती ते चेनकव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या स्टिकरवर असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा चेक करायची, कारण बीड नीट बसली नसेल किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर रात्रभरात कळतं. ॲक्सलचा नट पण त्याच वेळी एकदा बघून घ्या, चेनचं ताणसुद्धा, कारण मागचं चाक काढून परत लावलं की ते बदललेलं असतं.